शब्दांची पोतडी : वर्गात शब्दांची गोडी लावण्याची एक चालती पद्धत

सहावीच्या एका वहीत मला हे वाक्य सापडलं होतं : ‘पाऊस पडण्याची सबब ढग आहेत.’

लाल पेनाने रेघ मारायला हात उचलला आणि तसाच थांबलो. कारण फळ्यावर मीच लिहून दिलं होतं : सबब = कारण. त्या मुलीने बरोबरीच्या चिन्हावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा गुन्हा. दोन टोकांना दोन शब्द आणि मध्ये दोन आडव्या रेघा, असे ‘शब्दार्थ’ मी कितीतरी वर्षं लिहून दिले. मुलांनी ते पाठ केले, चाचणीत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले.

नंतर हळूहळू पद्धत बदलली. तीच इथे सविस्तर सांगतो. मी ती मराठीच्या तासाला पाचवी ते सातवीसाठी वापरतो, पण थोडी वाकवली तर तिसरीलाही चालते आणि नववीलाही. लागणारं सामान फार नाही : बुटांची तीन रिकामी खोकी, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पानं, एक लांब दोरी आणि शिक्षकाचा एक फोन. मुलांकडे फोन नसले तरी अडत नाही. ऑनलाइन साधनांविषयीही सांगणार आहे, पण ती या लेखात उशिरा येतील आणि वर्गातही त्यांनी उशिराच यावं असं माझं मत आहे. फोनवरचा खेळ उजळणीला उत्तम. शब्दाची भूक मात्र तो लावत नाही. ती आधी लागलेली असावी लागते.

पहिली पायरी : आठवड्याला सहाच शब्द

धडा हाती घ्या आणि मुलांना अडतील असे सगळे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. पंधरा-वीस तरी निघतील. सगळे शिकवायचा मोह होतो, तो आवरा. त्यांचे तीन ढीग करा. इसाबेल बेक या अमेरिकन अभ्यासिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे असे तीन थर सांगितले आहेत. मराठीच्या वर्गात ते मी असे वापरतो :

पहिल्या ढिगात रोजच्या बोलण्यातले शब्द. ते मुलांना येतातच, नाही आले तर येता-जाता कळतात. दुसऱ्या ढिगात कुठल्याही धड्यात, बातमीत, भांडणात, पत्रात कामाला येणारे शब्द : सबब, निमूट, हुरूप, खंत, हेका, ओशाळणे. तिसऱ्या ढिगात एखाद्या कामाचे खास शब्द : पाभर, वंगण, आख, प्रकाशसंश्लेषण. तिसऱ्या ढिगातल्या शब्दांचं चित्र दाखवा, एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. मेहनत घ्यायची ती दुसऱ्या ढिगावर.

सहा हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. आठ घेतले तेव्हा शुक्रवारपर्यंत दोन मरत होते आणि चार घेतले तेव्हा मुलं कंटाळत होती, म्हणून सहा.

शिकवण्याआधी एक छोटी पाहणी करा. सहा शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे मुलांना वहीत एक अंक टाकू द्या : शून्य म्हणजे कधी ऐकलाच नाही, एक म्हणजे ऐकलाय पण माहीत नाही, दोन म्हणजे साधारण अंदाज आहे, तीन म्हणजे मी वापरू शकतो. गुण द्यायचे नाहीत. हेच अंक पंधरा दिवसांनी पुन्हा टाकायचे आहेत. तेव्हा मागचे ‘तीन’ बघून काही मुलं स्वतःच हसतात.

दुसरी पायरी : अर्थ मागून, प्रसंग आधी

सोमवारी शब्द फळ्यावर लिहायच्या आधी प्रसंग सांगा. ‘ओशाळणे’ घ्यायचा असेल तर असं : ‘पाहुणे आलेत. तुम्ही मोठ्या तोऱ्यात कविता म्हणायला उभे राहिलात आणि दुसऱ्याच ओळीला अडलात. सगळे तुमच्याकडे बघतायत. तोंडावर जे काही होतं त्याला काय म्हणाल?’ मुलं सांगतात : लाजलो, पचका झाला, पोपट झाला, कसंतरी झालं. ही सगळी उत्तरं फळ्यावर येऊ द्या, पोपटसुद्धा. मग म्हणा, ‘यासाठी मराठीत आणखी एक शब्द आहे.’ वर्गात आता त्या शब्दाची रिकामी जागा तयार झालेली असते. ‘ओशाळणे’ तिथे जाऊन बसतो.

‘सबब’ मी आता अशीच घेतो. ‘गृहपाठ का नाही केला?’ या प्रश्नाची वर्गातली सगळी उत्तरं गोळा करायची आणि त्यांतली खरी कारणं कुठली नि सबबी कुठल्या हे वर्गाने ठरवायचं. आजी दवाखान्यात होती हे कारण. वही कुत्र्याने पळवली ही सबब. लाइट गेली होती, यावर मात्र वाद होतो, कारण आमच्याकडे ती खरंच जाते. तो वाद झाल्यानंतर कोणीही ढगांना पावसाची सबब ठरवलेलं नाही.

प्रसंगानंतर दोन-तीन वाकडे प्रश्न टाका. याला वेळ पाच मिनिटं, पण माझ्या मते अख्ख्या पद्धतीचा गाभा इथेच आहे. प्रश्न असे हवेत की उत्तर हो किंवा नाही, आणि पुढे लगेच ‘का?’

‘दगड हेका धरतो का?’

‘सर्कशीतला वाघ स्टुलावर निमूट बसला, असं म्हणता येईल का?’

‘हुरूप आणि खंत एकाच वेळी वाटू शकतात का?’

शेवटच्या प्रश्नावर एका मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं : ‘हो सर, ताईच्या लग्नात.’ अशा उत्तरानंतर मी काही बोलत नाही.

जवळच्या शब्दांतला फरक दाखवायलाही हीच वेळ. गप्प कोणीही बसतं, झोपलेलं बाळसुद्धा. निमूट बसायला मात्र मनात काहीतरी बोलायचं असावं लागतं. तसंच बघणं आणि न्याहाळणं वेगळं, डोकावणं आणि निरखणं वेगळं. व्याख्या लिहून देऊ नका. ‘आरशात तुम्ही काय करता? आणि शेजारच्याच्या पेपरात?’ एवढं विचारलं की पुरे.

तिसरी पायरी : शब्द अंगात येऊ द्या

मंगळवारी बाकं भिंतीला लावतो. एका डब्यात चालण्याच्या चिठ्ठ्या : रखडत, लगबगीने, दबकत, ठुमकत, खुरडत, फरफटत, डुलत, झपाझप. एकाने चिठ्ठी काढायची, दारापासून फळ्यापर्यंत तसं चालायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. सोपा खेळ वाटतो, पण ‘रखडत’ आणि ‘खुरडत’ यांतला फरक चालून दाखवायचा म्हटलं की मोठ्या माणसांचीही गंमत होते. एकदा पालकसभेत करून बघा.

दुसरा खेळ दोरीचा. वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधा. पावसाचे शब्द कागदावर लिहून मुलांना वाटा : भुरभुर, रिमझिम, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव. कमी पावसापासून जास्त पावसापर्यंत दोरीवर उभं राहायचं. पाच मिनिटांत भांडण सुरू होतं, आणि ते व्हायलाच हवं. झड जोरदार असते की नुसतीच लांबलेली? वळवाला कुठे उभं करायचं? तो पडतो थोडाच वेळ, पण झोडपून काढतो. मग कोणीतरी म्हणतं की एक दोरी पुरत नाही, जोराची एक आणि वेळेची एक हवी. असं झालं तर तास संपला तरी चालेल. रागाचे शब्दही दोरीवर छान लागतात : रुसणे, चिडणे, रागावणे, संतापणे, भडकणे. रुसणं मुळात राग आहे का, यावर आमच्या वर्गाचं अजून एकमत झालेलं नाही.

समूहदर्शक शब्द हा पाठांतराचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. आंब्यांची अढी, नाण्यांची चळत, भाकऱ्यांची चवड, पोत्यांची थप्पी, किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, मडक्यांची उतरंड. मुलं घडाघडा म्हणतात आणि उतरंड म्हणजे काय विचारलं तर ‘उतार’ म्हणतात. हे शब्द हातांनी करायचे आहेत. मधल्या सुट्टीतले डबे घ्या, सगळ्यात मोठा खाली आणि सगळ्यात लहान वर, झाली उतरंड. रुपयांची चळत, वह्यांची थप्पी. अढी मात्र खरीच लावावी लागते. मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून आम्ही कच्च्या केळ्यांवर भागवतो. अढी आंब्यांचीच, असा आक्षेप एका मुलाच्या आजोबांनी घेतला होता. तो मान्य करून आम्ही फळ्यावर ‘अढी (केळ्यांची, नाइलाजाने)’ असं लिहिलं.

चौथी पायरी : घरून शब्द आणायचे

बुधवारचा गृहपाठ एकच : घरातून एक शब्द घेऊन या. ‘जुना शब्द सांग’ असं आजीला विचारायचं नाही, हे मुलांना आधी शिकवा. तसं विचारलं की कोणालाच काही आठवत नाही. वस्तू समोर धरून किंवा काम सांगून विचारायचं : ‘भात टाकायच्या आधी पाणी तापवतात त्याला काय म्हणता?’ आधण. ‘पूर्वी पीठ कशात मळायचे?’ काठवट. ‘गाडीच्या चाकाला काय घालायचे?’ वंगण. ‘पेरताना दाणे कशातून सोडायचे?’ चाडं. दर आठवड्याला एक विषय ठरवून द्या : स्वयंपाकघर, पाऊस, गुरं, दुखणी-खुपणी, अंगणातले खेळ.

शब्दासोबत तीन गोष्टी हव्यात : कोणाकडून मिळाला, ते माणूस कुठल्या गावचं, आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य. वाक्य नसेल तर शब्द घ्यायचा नाही. आम्ही हे एका ऑनलाइन तक्त्यात भरतो, गुगल शीट्समध्ये. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडलं की बोलूनही टंकता येतं, त्यामुळे भरायला वेळ लागत नाही. ज्यांच्या घरी चालेल त्यांनी आजीच्या आवाजात वाक्य ध्वनिमुद्रित करून आणावं, पण आजीला विचारून. मुलांची पूर्ण नावं, फोटो, फोन नंबर तक्त्यात नकोत. हजेरी क्रमांक पुरतो.

याच बोलून टंकण्यातून आम्हाला एक खेळ मिळाला. मुलाने फोनसमोर ‘उतरंड’ किंवा ‘ओशाळला’ म्हणायचं आणि फोनला ते ऐकू येतं का बघायचं. आला नाही की मूल आपोआप स्पष्ट उच्चार करायला लागतं. ‘बोल नीट’ असं मी वर्षभर सांगून जे होत नव्हतं ते फोनच्या बहिरेपणाने झालं.

इथे शिक्षकाने एक पथ्य पाळायचं : ‘अशुद्ध’ हा शब्द त्या तासापुरता बाहेर ठेवायचा. वर्गात मुलगी म्हणजे कोणाच्या घरी पोरगी असते, वऱ्हाडातून आलेल्याच्या घरी पोट्टी, मालवणीत चेडू, अहिराणीत आंडेर. सगळे शब्द तक्त्यात सारख्याच आकाराच्या अक्षरांत. जे मूल इतर वेळी तोंड उघडत नाही, कारण त्याची बोली ऐकून वर्ग हसतो, ते या तासाला उभं राहतं. त्याचा शब्द बाकीच्यांना माहीत नसतो आणि अर्थ सांगायचा अधिकार फक्त त्याच्याकडे असतो.

अमेरिकेत शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही ही पायरी जमते. आजी जवळ नसली तरी व्हिडिओ कॉलवर असते, आणि तिलाही बोलायला विषय हवाच असतो.

ज्या आठवड्यात घरून फार काही येत नाही तेव्हा मी पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या ऐकवतो. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो प्रकल्प आहे आणि अनेक ओव्या बायकांच्या मूळ आवाजात ऐकता येतात. एकच ओवी, दोनदा ऐकायची, अडलेला शब्द लिहायचा.

पाचवी पायरी : आजीचा शब्द कोशात सापडतो का?

गुरुवारी शोधमोहीम. घरून आलेला शब्द ऑनलाइन कोशात शोधायचा. मी तीन ठिकाणं वापरतो.

पहिलं, बृहद्कोश. अनेक मराठी कोश एकाच शोधखिडकीत मिळतात, म्हणून सुरुवात इथून. दुसरं, शिकागो विद्यापीठाचं दक्षिण आशियाई कोशांचं संकेतस्थळ. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि सुधारलेली १८५७ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, जो १९३२पासून खंडाखंडाने निघाला. तिसरं, मराठी विक्षनरी. ती अपुरी आहे, पण तिथे नोंद आपण स्वतः वाढवू शकतो, आणि सातवीच्या मुलांना ती कल्पना फार आवडते.

शोधताना हमखास अडचण येते, ती आधीच सांगतो. जुन्या कोशांचं लेखन जुनं आहे. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधी कितीतरी शब्दांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. म्हणून ‘नाव’ सापडला नाही तर ‘नांव’ टाका. ‘घमेलं’ नाही तर ‘घमेलें’, ‘चाडं’ नाही तर ‘चाडें’. मुलांना हे सांगून ठेवलं की ती गुप्तहेर होतात. आणि दुसरी सूचना शिक्षकांसाठी : वर्गात पडद्यावर शोधायच्या आधी घरी एकदा बघून घ्या. जुन्या कोशांत जातीवाचक हिणवणारे उल्लेख आणि शिव्याही नोंदलेल्या आहेत. कोशकाराने त्या नोंदवल्या ते त्याचं काम, पण सहावीसमोर तो विषय काढायचा तर तयारीने काढावा.

आजीचा शब्द १८५७च्या कोशात सापडला की वर्गात टाळ्या पडतात. नाही सापडला तर टाळ्या जास्त जोरात पडतात. ‘सर, मोल्सवर्थला माहीत नव्हता!’

कोशात पुष्कळ शब्दांपुढे मुळाची खूण असते : सं. म्हणजे संस्कृत, फा. म्हणजे फारसी. इथून शब्दांच्या गावांचा नकाशा करता येतो. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर दोऱ्याने शब्द टाचायचे. पोर्तुगालहून बटाटा, पाव, पगार, घमेलं, बिजागरी, लिलाव, आणि अल्फोन्सोवरून हापूस. कानडीतून अक्का, अण्णा. फारसीतून दुकान आणि रवाना. पण सगळ्यात मोठा परिणाम होतो तो आपल्या तालुक्याच्या नकाशाचा. एकाच नावाची दोन गावं, एक बुद्रुक आणि एक खुर्द. बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’वरून, म्हणजे मोठं, आणि खुर्द म्हणजे लहान. रोज एसटीच्या पाटीवर वाचलेल्या शब्दाला अर्थ आहे हे कळल्यावर मुलं गप्प होतात. मग हिशेब सुरू होतो : खुर्दची लोकसंख्या आता बुद्रुकपेक्षा जास्त असेल तर पाटी बदलायची का?

सहावी पायरी : तीन खोकी

इथवर मजा झाली. पण शब्द टिकवायचे तर ते पुन्हा पुन्हा भेटायला हवेत, आणि नेमके विसरत आलेले असताना भेटायला हवेत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता. सुरुवातीला झपाट्याने विसरतो, मग तो वेग मंदावतो. पुढे १९७२मध्ये सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने त्यावर खोक्यांची साधी युक्ती मांडली. आम्ही तीच वापरतो.

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे करा. एका बाजूला शब्द. दुसऱ्या बाजूला अर्थ लिहायचा नाही. मुलाने स्वतः केलेलं वाक्य लिहायचं, शब्दाच्या जागी रेघ ठेवून. ‘दादा मोबाइलसाठी ______ धरून बसला.’ रेघेकडून शब्दाकडे आणि शब्दाकडून वाक्याकडे, दोन्ही बाजूंनी विचारता येतं.

पहिलं खोकं रोजचं. दुसरं मंगळवार-शुक्रवारचं. तिसरं पंधरा दिवसांनी उघडायचं. आलेलं पान पुढच्या खोक्यात जातं, अडलेलं थेट पहिल्यात परत. रोज हजेरीच्या आधी पाच मिनिटं, जोडीजोडीने. मी यात पडत नाही. खोकी सांभाळायला दर आठवड्याला दोन ‘खोकेदार’ असतात.

नववी-दहावीच्या मुलांकडे फोन असेल तर हेच काम अंकी हे सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. कुठलं पान कधी दाखवायचं ते तेच ठरवतं. त्यात देवनागरी नीट चालते. पण पानं मुलांनी स्वतः बनवली पाहिजेत. दुसऱ्याने बनवलेली तयार गड्डी म्हणजे पुन्हा बरोबरीचं चिन्ह.

सातवी पायरी : आता फोन

शुक्रवारी खेळ. तीन परिस्थिती गृहीत धरून सांगतो.

फक्त शिक्षकाकडे फोन असेल तर प्लिकर्स. याचं नेहमीच कौतुक करावंसं वाटतं. प्रत्येक मुलाला छापलेलं एक कार्ड मिळतं, त्यावर काळी नक्षी. कार्ड ज्या बाजूने वर धराल ते तुमचं उत्तर : ए, बी, सी किंवा डी. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोणाचं काय उत्तर ते फोनला कळतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्डं एकदा जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चुकतो. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा.

संगणक कक्ष किंवा चौघांत एक टॅब असेल तर कहूत. नॉर्वेहून आलेला हा खेळ, मुलं याच्यासाठी वेडी होतात, आणि तोच त्याचा धोका. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. मग विचार करणारं मूल मागे पडतं आणि बटणं बडवणारं पुढे जातं. उपाय दोन : प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवून ठेवा आणि गटाने खेळवा. गटात बोटं कमी आणि तोंडं जास्त चालतात. आणखी एक उपाय अनुभवाचा : प्रश्नांची एक प्रत कागदावर ठेवा. मी एकदा मुख्याध्यापक आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर हा खेळ लावला आणि नेट गेलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. ओशाळणे या शब्दाचं त्याहून चांगलं प्रात्यक्षिक मी कधी दिलेलं नाही.

मुलांच्या घरी फोन असेल तर वेग्राउंड. हेच आधी क्विझिझ होतं, बंगळुरूत सुरू झालेलं. २०२५मध्ये नाव बदललं. यात प्रत्येकजण आपापल्या गतीने सोडवतो, म्हणून रविवारच्या उजळणीला बरं. वर्डवॉलही हाताशी असू द्या. एकदा शब्दांच्या जोड्या भरल्या की त्याच जोड्यांचे वेगवेगळे खेळ होतात, आणि त्याचं फिरतं चाक ‘आज कोण?’ ठरवायला वर्षभर पुरतं.

साधन कुठलंही घ्या, खेळ प्रश्नावर अवलंबून. ‘सबब म्हणजे काय? अ) कारण ब) साबण क) सवय ड) सबळ’ असा प्रश्न टाकलात तर पहिली पायरी ते सहावी पायरी सगळं पाण्यात. त्याऐवजी असं विचारा :

‘यांतलं कोण सबब सांगतंय? अ) ताप आला म्हणून रमा शाळेत आली नाही. ब) पेन निळं नव्हतं म्हणून राजूने निबंध लिहिला नाही. क) पूल वाहून गेला म्हणून एसटी आली नाही. ड) भूक लागली म्हणून बाळ रडलं.’

असे प्रश्न करायला वेळ लागतो, म्हणून ते मुलांकडून करून घ्या. चार पर्यायांतले तीन चुकीचे पण पटण्यासारखे लिहायचे, हे काम शब्द नीट कळल्याशिवाय होत नाही. चॅटबॉटकडून प्रश्न करून घेणारे शिक्षकही आता पुष्कळ आहेत. घ्या, पण तपासून. त्याच्या मराठीत मधूनच ‘मला आनंद महसूस झाला’ असं काहीतरी डोकावतं. ते वाक्य फळ्यावर लिहून मुलांना दुरुस्त करायला दिलं तर वेगळाच तास होतो.

आठवी पायरी : फळ्यावरचा अक्षरखेळ

शब्दकोडी आणि शब्दशोध आपोआप बनवून देणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, पण मराठीत ती नेहमी फसतात का, हे आधी एका शब्दावर तपासा. ‘क्षितिज’ टाका. आपल्या दृष्टीने ती तीन अक्षरं : क्षि, ति, ज. संगणकाच्या आत मात्र ते सात तुकडे असतात, कारण हलन्त आणि वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. साधन कच्चं असेल तर एका चौकटीत नुसती वेलांटी लटकलेली दिसते. तसं दिसलं तर नाद सोडा आणि गुगल डॉक्समध्ये साधा तक्ता करून कोडं हाताने भरा.

त्यापेक्षा फळ्यावर हा खेळ घ्या. तुमच्या मनात तीन अक्षरी शब्द, मुलांनी अंदाज करायचा. अक्षर आणि त्याची मात्रा दोन्ही योग्य जागी जुळली तर बरोबरची खूण. व्यंजन जुळलं पण बाराखडीतलं घर चुकलं तर गोल. काहीच नाही तर फुली. समजा मनात ‘हुरूप’ आहे. कोणी ‘हरीण’ म्हटलं : ह ला गोल, री ला गोल, ण ला फुली. कोणी ‘कुरूप’ म्हटलं : कु ला फुली, रू बरोबर, प बरोबर. आता वर्ग बाराखडी घोकत पहिल्या अक्षराच्या मागे लागतो. ऱ्हस्व-दीर्घावर मी जितकी व्याख्यानं दिली त्यांपेक्षा जास्त काम हा खेळ करतो, कारण इथे वेलांटी चुकली तर गोल मिळतो आणि डाव लांबतो.

शब्द पकडला की नाही

चाचणी घ्यावी लागते, ती घ्या. पण मी ज्याच्याकडे लक्ष ठेवतो ते वेगळं आहे. वर्गाच्या दाराशी एक कागद लावलेला असतो, ‘पकडला!’ असं शीर्षक. आठवड्याचा शब्द कोणी वर्गाबाहेर ऐकला, वाचला किंवा वापरला की तिथे लिहायचं : शब्द, कुठे, कोणाच्या तोंडी. बातम्यांत ‘खंत’ रोज सापडते, पुढाऱ्यांना ती फार वाटते. ‘हेका’ घरोघरी. ‘निमूट’ बरेच दिवस रिकामा होता. मग एकीने लिहिलं : ‘निमूट. घरी. आई.’

तो कागद मी अजून काढलेला नाही.

पंधरा दिवसांनी शून्य ते तीनची पाहणी पुन्हा करा. ज्या शब्दापुढे निम्म्याहून जास्त मुलांचा एक किंवा शून्य असेल तो पुन्हा पहिल्या खोक्यात. आणि निबंध तपासताना हे शब्द कोणी न सांगता वापरलेत का ते बघा. चुकीचा वापरला असेल तरी त्या दिवशी लाल पेन बाजूला ठेवा. वेगळ्या रंगाने खाली रेघ मारा आणि समासात एक वाकडा प्रश्न लिहा. मूल उत्तर लिहून वही परत आणतं.

वर्षाच्या शेवटी तिन्ही खोकी पुढच्या वर्गाला देतो. देण्याआधी मुलं पानं चाळतात आणि कुठली ठेवायची त्यावर हात वर करून मतदान होतं. गेल्या एप्रिलमध्ये ‘उतरंड’ एका मताने वाचली.